डार्क चॉकलेट कँडीतून नक्की काय मिळतं? पाकिटावरच्या टक्क्यामागचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून मी रोज संध्याकाळी डार्क चॉकलेटच्या चार-पाच कँडी खाते. काही साध्या असतात, काहींत बदाम असतो, काही आतून क्रीमने भरलेल्या. पाकिटावर ‘७०%’ लिहिलेलं आहे. यातून लोह मिळतं का? रक्तातली साखर काठावर आहे, तर हे चालेल का? यात शिसं असतं म्हणतात, ते खरं आहे का? दहा वर्षांचा मुलगाही माझ्याबरोबर खातो.

उत्तर:

आधी लोहाचं बोलू, कारण तुमची ही रोजची सवय त्याच्यावरच उभी आहे. चॉकलेटमध्ये लोह असतं हे खरं. अमेरिकेच्या कृषी खात्याची खाद्यपदार्थांची कोष्टकं आम्ही आहारतज्ज्ञ नेहमी वापरतो. त्यांत ७० ते ८५ टक्के कोको असलेल्या १०० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये सुमारे १२ मिलिग्रॅम लोह दिलेलं आहे. म्हणजे ३० ग्रॅममध्ये साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास. पाळी सुरू असलेल्या बाईला दिवसाला १८ मिलिग्रॅम लोह हवं, हे अमेरिकी प्रमाण धरलं तर कागदावर गरजेचा पाचवा हिस्सा भागला.

मात्र कागदावरचं लोह आणि रक्तात पोचलेलं लोह यांत मोठा फरक पडतो. वनस्पतीतून येणारं लोह मुळातच कमी शोषलं जातं. त्यात कोकोमधले पॉलिफेनॉल्स (वनस्पतींतले कडवट-तुरट पदार्थ) हे लोह आतड्यातच बांधून ठेवतात. चहा-कॉफीत घडतं तेच इथे घडतं. ब्रेडच्या खाण्यासोबत कोको दिला तेव्हा त्या खाण्यातल्या लोहाचं शोषणही बरंच घटलं, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे ज्या घटकांसाठी डार्क चॉकलेटचं कौतुक होतं, तेच तुमच्या कामाच्या आड येतात. तेव्हा हिमोग्लोबिन वाढवायला म्हणून चॉकलेट खात असाल तर ते आजपासून त्या कारणासाठी थांबवा. आवड म्हणून खायचं असेल तर जेवणापासून आणि लोहाच्या गोळीपासून दोनेक तास लांब ठेवा. आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनची तपासणी करून घ्या. लोहाचा साठा किती उरला आहे ते त्यावरून कळतं आणि उपचार किती दिवस घ्यायचे हे डॉक्टरांना ठरवता येतं.

आता कँडीत एकूण काय काय असतं ते पाहू. त्याच ७०-८५ टक्क्यांच्या चॉकलेटचे १०० ग्रॅमचे आकडे असे: सुमारे ६०० कॅलरी, ४३ ग्रॅम मेद (त्यातला साडेचोवीस ग्रॅम संपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड), २४ ग्रॅम साखर, ११ ग्रॅम तंतुमय पदार्थ, पावणेआठ ग्रॅम प्रथिनं, २२८ मिलिग्रॅम मॅग्नेशिअम, ७१५ मिलिग्रॅम पोटॅशियम, पावणेदोन मिलिग्रॅम तांबं आणि जवळपास दोन मिलिग्रॅम मँगनीज. वाचायला भरघोस वाटतं. पण १०० ग्रॅम कडू चॉकलेट एका बैठकीत कुणी खात नाही, खाऊही नये. माणसाच्या बेताचा ३० ग्रॅमचा तुकडा घेतला तर १८० कॅलरी, सात ग्रॅम साखर, सव्वातीन ग्रॅम तंतू, ६८ मिलिग्रॅम मॅग्नेशिअम आणि अर्धा मिलिग्रॅम तांबं हाती लागतं.

यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते तांबं आणि मॅग्नेशिअम. प्रौढ माणसाची तांब्याची रोजची गरज ०.९ मिलिग्रॅम धरतात. त्यातली निम्म्याहून अधिक या एका तुकड्यात भागते. मॅग्नेशिअमची गरज स्त्री-पुरुष आणि वयानुसार ३१० ते ४२० मिलिग्रॅम. तिचा पाचवा-सहावा भाग मिळतो. गोड पदार्थाकडून एवढं मिळणं खरंच दुर्मीळ आहे. दुधाच्या चॉकलेटचा तेवढाच तुकडा घ्या, कॅलरी १६० म्हणजे जवळपास तितक्याच, पण साखर साडेपंधरा ग्रॅम आणि मॅग्नेशिअम फक्त १९ मिलिग्रॅम. कॅल्शियम मात्र दुधाच्या चॉकलेटमध्ये जास्त. जीवनसत्त्वांच्या बाबतीत दोन्हीकडे सांगण्यासारखं काही नाही. क जीवनसत्त्व तर नाहीच म्हटलं तरी चालेल.

इथपर्यंतचे आकडे चांगल्या, साध्या, जास्त कोकोच्या वडीचे झाले. तुमच्या पाकिटातल्या कँडीला ते लागू पडतात का हा खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी तो ‘७०%’ म्हणजे काय हे समजून घ्यायला हवं.

हा टक्का कोकोच्या बियांपासून आलेल्या सगळ्या घटकांचा मिळून असतो: कोको मास, वरून घातलेलं कोको बटर, कोको पावडर, सगळं एकत्र. कोको मास म्हणजे भाजून सोललेल्या बिया वाटून केलेला गोळा. त्यात निम्म्याहून थोडा जास्त, साधारण ५४ टक्के, मेद असतो. उरलेला कोरडा, तपकिरी, कडू भाग. खनिजं, तंतू, प्रथिनं, फ्लॅव्हेनॉल्स (पॉलिफेनॉल्सचाच एक प्रकार), थिओब्रोमिन (कॅफिनसारखा उत्तेजक पदार्थ), सगळं या कोरड्या भागात असतं. कोको बटर म्हणजे नुसता मेद.

आता दोन वड्या घ्या, दोन्हींवर ७० टक्के छापलेलं. पहिलीत सत्तरच्या सत्तर ग्रॅम कोको मास आहे. तिच्यात मेद ३८ ग्रॅम आणि कोरडा भाग ३२ ग्रॅम भरतो. दुसरीत ६० ग्रॅम मास आणि तोंडात छान विरघळावी म्हणून वरून १० ग्रॅम कोको बटर. तिचा मेद साडेबेचाळीस ग्रॅमच्या जवळ गेला आणि कोरडा भाग साडेसत्तावीसवर आला. टक्का तोच, साखर तीच, पण पोषणाचा भाग सातव्या हिश्शाने घटला आणि कॅलरी वाढल्या. पाकिटावरून हा फरक ओळखायचा असेल तर मेदाचा आकडा बघा आणि घटकांच्या यादीत कोको बटर वेगळं लिहिलंय का ते बघा.

टक्का एक गोष्ट मात्र बऱ्यापैकी खरी सांगतो, ती म्हणजे साखर. दूध, सुकामेवा किंवा भरण नसलेल्या साध्या वडीत शंभरातून कोकोचा टक्का वजा केला की जे उरतं ती जवळजवळ सगळी साखरच. ५५ टक्क्यांच्या वडीत ४५ ग्रॅम, ८५ टक्क्यांच्या वडीत १५ ग्रॅम. ‘डार्क’ या नुसत्या शब्दावर विसंबू नका. अमेरिकेत ‘डार्क चॉकलेट’ अशी कायद्याने ठरवलेली स्वतंत्र व्याख्याच नाही. तिथे ज्याला सेमीस्वीट किंवा बिटरस्वीट म्हणतात त्याला किमान ३५ टक्के कोको मास लागतो. युरोपीय संघात ‘चॉकलेट’ म्हणवून घ्यायला एकूण कोको घटक किमान ३५ टक्के हवेत. म्हणजे ४५ टक्क्यांचं, निम्म्याहून जास्त साखर असलेलं चॉकलेटही खुशाल ‘डार्क’ म्हणून विकलं जाऊ शकतं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. पहिलं नाव साखरेचं असेल तर ती आधी मिठाई आहे, चॉकलेट नंतर.

आणि आता कँडी. वडी आणि कँडी यांत पोषणाचा फार फरक पडतो, कारण कँडीत चॉकलेट किती हे तिच्या बांधणीवर ठरतं.

तुमच्या साध्या, भरीव कँडीला वरचा सगळा हिशेब लागू होतो. बदामाच्या कँडीचं मी मनापासून समर्थन करते. बदामामुळे प्रथिनं, तंतू, ई जीवनसत्त्व आणि असंपृक्त मेद वाढतो, आणि तेवढ्याच वजनात साखर कमी होते. फक्त बदाम खरा आणि अख्खा हवा. बदामाच्या चवीची साखर-पेस्ट असेल तर तो फायदा मिळत नाही. क्रीम, कॅरॅमल, पुदिना, जेली भरलेल्या कँडीचं मात्र तसं नाही. युरोपीय संघाच्या नियमात भरलेल्या चॉकलेटचं बाहेरचं चॉकलेट एकूण वजनाच्या किमान २५ टक्के असावं लागतं. म्हणजे १० ग्रॅमच्या कँडीत अडीच ग्रॅम चॉकलेट असलं तरी नियम पाळला गेला. ते चॉकलेट ७० टक्क्यांचं धरलं तरी कोको पावणेदोन ग्रॅम झाला. बाकीचे साडेसात ग्रॅम म्हणजे साखर, ग्लुकोज सिरप आणि कुठला तरी मेद. अशा कँडीच्या पाकिटावरचा टक्का बरेचदा फक्त बाहेरच्या कवचातल्या चॉकलेटचा असतो. सल्ला घ्यायला येणारे लोक पाकिटं घेऊन येतात तेव्हा मी समोरची बाजू उलटी करायला सांगते आणि ‘प्रति १०० ग्रॅम’च्या रकान्यातली साखर वाचायला लावते. पुढे ७० लिहिलंय आणि मागे साखर ५० ग्रॅम असेल, तर पुढचा आकडा त्या पूर्ण कँडीचा नाही.

यादीत कोको बटरऐवजी पाम कर्नल तेल किंवा हायड्रोजनेटेड वनस्पती तेल दिसलं तर ते कंपाउंड आहे. कोको बटर महाग, म्हणून कोको पावडर आणि स्वस्त तेल मिसळून ते करतात. चकाकी चांगली येते आणि उन्हाळ्यातही पटकन वितळत नाही. पण आरोग्याच्या दृष्टीने ही अदलाबदल वाईट आहे, कारण या दोन मेदांची जात वेगळी. कोको बटरमध्ये साधारण एक तृतीयांश स्टिअरिक आम्ल, एक तृतीयांश ओलेइक आम्ल आणि पाव हिस्सा पामिटिक आम्ल असतं. ओलेइक हे ऑलिव्ह तेलातलं मुख्य आम्ल. स्टिअरिक संपृक्त असूनही रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल फारसं वाढवत नाही. पामिटिक वाढवतं. त्यामुळे डार्क चॉकलेटचा संपृक्त मेद आकड्यावरून वाटतो तेवढा घातक नाही, तरी निर्धोकही नाही. पाम कर्नल तेलात मात्र लॉरिक, मिरिस्टिक आणि पामिटिक या कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या आम्लांचाच भरणा. कँडी निवडताना मी साखरेखालोखाल हीच एक गोष्ट बघते.

फ्लॅव्हेनॉल्सबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ‘हृदयाला चांगलं’ हे वाक्य तुमच्या कानावर नक्की आलं असेल, म्हणून सांगते. हे कोकोमधले कडवट-तुरट पदार्थ रक्तवाहिन्या सैल व्हायला मदत करतात, यात तथ्य आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हेनॉल्सना तसं श्रेय दिलं. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा आढावा) रक्तदाब सरासरी दोनेक मिलिमीटरने उतरल्याचं दिसलं. मात्र हे सगळं फ्लॅव्हेनॉल्स जपून ठेवलेल्या कोकोचं. बिया आंबवताना, भाजताना ते घटतात, आणि कडवटपणा कमी करण्यासाठी, रंग गडद करण्यासाठी अल्कलीची प्रक्रिया केली की उरलेल्यातलेही बहुतांश जातात. हलकी प्रक्रिया केली तरी निम्म्याहून जास्त, आणि जबर केली तर नव्वद टक्क्यांच्या घरात. म्हणजे सगळ्यात काळं दिसणारं चॉकलेट सगळ्यात कमी फ्लॅव्हेनॉल्सचं असू शकतं. यादीत ‘अल्कलीने प्रक्रिया केलेला कोको’ किंवा ‘डच प्रोसेस’ असं लिहिलेलं असेल तर हृदयाच्या नावाने ते विकत घेऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये हृदयविकाराबाबत जो सावध शब्दांतला दावा मान्य केला, तो किमान ४ टक्के फ्लॅव्हेनॉल्स असलेल्या खास कोको पावडरीपुरता आहे. साधी कोको पावडर आणि चॉकलेट त्यात येत नाहीत.

मोठ्या चाचणीचं उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखं आहे. कॉस्मॉस या अमेरिकेतल्या अभ्यासात २१,४४२ वयस्कांपैकी एका गटाला रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हेनॉल्स दिले. २०२२ मध्ये निकाल आला: हृदय-रक्तवाहिन्यांच्या एकूण घटना ठोसपणे कमी झाल्या नाहीत. हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी दिसले. निकाल आशा दाखवणारा आहे, पण ते फ्लॅव्हेनॉल्स कॅप्सूलमधून दिले होते. तेवढे मिळवण्यासाठी बाजारातलं चॉकलेट खायचं म्हटलं तर त्याबरोबरची साखर आणि कॅलरी सगळा फायदा खाऊन टाकतील.

साखर काठावर असल्याचं तुम्ही लिहिलंय. मेद आणि तंतूंमुळे डार्क चॉकलेटमधली साखर रक्तात हळू जाते, त्यामुळे तेवढ्याच साखरेच्या पेयापेक्षा किंवा साध्या गोळीपेक्षा ते केव्हाही बरं. २०२४ च्या अखेरीस ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकी परिचारिका आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांचा मोठा निरीक्षणात्मक अभ्यास आला. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांत टाइप-२ मधुमेहाचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी होतं. दुधाच्या चॉकलेटमध्ये तसं दिसलं नाही, उलट वजन वाढलं. निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही. डार्क चॉकलेट खाणारे लोक इतर बाबतीतही जपून वागत असतील. तरीही तुम्हाला घाबरून बंद करायची गरज नाही, एवढं मी या आकड्यांवरून म्हणेन. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेसाठी दिवसाला ५० ग्रॅमची मर्यादा घालते आणि २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते, हे २००० कॅलरीच्या आहाराला धरून. तुमच्या पाच कँडी ५० ग्रॅम भरत असतील आणि त्यांतल्या काही क्रीमच्या असतील, तर २० ग्रॅमच्या आसपास साखर तिथेच संपते. त्याऐवजी ८५ टक्क्यांची २० ग्रॅम वडी घ्या, साखर तीन ग्रॅम. ‘शुगर फ्री’ कँडीकडे वळू नका. तिच्यात बहुधा माल्टिटॉल हा साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ असतो. तो रक्तातली साखर थोडी तरी वाढवतोच, कॅलरी साखरेच्या निम्म्याहून जास्त देतो आणि चार-पाच कँडीत पोट फुगवतो.

शिशाची बातमी खरी आहे. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक संस्थेने २०२२ च्या डिसेंबरात २८ डार्क चॉकलेट वड्यांची तपासणी जाहीर केली. त्यांतल्या २३ वड्यांपैकी कुठलीही रोज एक औंस (सुमारे २८ ग्रॅम) खाल्ली तर शिसं किंवा कॅडमिअम (शिशासारखाच विषारी धातू) यांपैकी निदान एकाची मात्रा कॅलिफोर्नियाच्या मर्यादेपेक्षा जास्त होत होती. ती मर्यादा फार कडक आहे, शिशासाठी दिवसाला अर्धा मायक्रोग्रॅम, हेही खरं. पण विषय उडवून लावण्यासारखा नाही. कॅडमिअम झाड मातीतून शोषतं आणि ते बियांत जातं. शिसं मुख्यतः नंतर, बिया उघड्यावर वाळताना धुळीतून चिकटतं. दोन्ही धातू कोरड्या कोकोबरोबर येतात, म्हणून टक्का वाढला की त्यांची शक्यताही वाढते. युरोपीय संघाने २०१९ पासून ५० टक्के किंवा जास्त कोकोच्या चॉकलेटसाठी कॅडमिअमची किलोमागे ०.८ मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली आहे.

तुमच्या बाबतीत ही काळजी जास्त आहे. शरीरात लोहाचा साठा कमी असला की आतडं लोह ओढून घेण्यासाठी जी वाट मोकळी करतं, त्याच वाटेने कॅडमिअमही आत शिरतं. लोह कमी असलेल्या बायकांच्या शरीरात कॅडमिअम जास्त साठतं हे जाणकारांना बऱ्याच काळापासून माहीत आहे. म्हणजे लोहासाठी म्हणून रोज डार्क चॉकलेट खाणं हा तुमच्यासाठी दुहेरी तोट्याचा सौदा ठरतो. लोहाची पातळी वर येईपर्यंत आठवड्यातून दोन-तीन वेळा, एका वेळी १५-२० ग्रॅम, एवढ्यावर थांबा. एकाच ब्रँडला चिकटून राहू नका. ७० टक्क्यांच्या आसपासचं निवडलंत तर साखर आणि धातू या दोन्हींच्या मध्ये बरा तोल साधतो. ८५ टक्क्यांचा पर्याय साखरेसाठी सांगितला, तो लोह सुधारल्यावर.

मूतखड्याचा त्रास असेल तर कोकोतलं ऑक्झॅलेट, मूत्रपिंडं अशक्त असतील तर पोटॅशियम, आम्लपित्त असेल तर मेद आणि कॅफिन हे लक्षात घ्या. यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच खा. दुधाची ॲलर्जी असलेल्याने ‘डार्क आहे म्हणजे दूध नाही’ असं गृहीत धरू नये. एकाच यंत्रावर दोन्ही चॉकलेटं बनतात आणि दुधाचा अंश राहून जातो.

आता मुलगा. ३० ग्रॅम जास्त कोकोच्या चॉकलेटमध्ये २४ मिलिग्रॅम कॅफिन आणि २४० मिलिग्रॅम थिओब्रोमिन असतं. मुलांसाठी कॅफिनची सुरक्षित मर्यादा दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे ३० किलोच्या मुलाला ९० मिलिग्रॅम. एका तुकड्याने ती ओलांडत नाही, पण तो चहा किंवा कोलाही पीत असेल तर बेरीज करा. मुलांच्या बाबतीत मला कॅफिनपेक्षा शिशाची काळजी जास्त वाटते, कारण वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि मुलं मोठ्यांपेक्षा ते जास्त शोषतात. त्याला रोज नको. आठवड्यातून एक-दोनदा, १० ग्रॅमची एक कँडी, तीही दुपारी. संध्याकाळी खाल्लेलं कॅफिन रात्रीच्या झोपेवर येतं, आणि हे तुम्हालाही लागू आहे.

मुलं आपल्या हातातलं कुत्र्याला भरवतात, म्हणून एवढंही सांगते. कुत्र्याच्या शरीरातून थिओब्रोमिन फार हळू बाहेर पडतं. किलोमागे २० मिलिग्रॅमला उलट्या, जुलाब, बेचैनी सुरू होते, ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात. १० किलोच्या कुत्र्याला २५ ग्रॅम कडू चॉकलेट पहिल्या पायरीवर न्यायला पुरतं. घरात कुत्रा असेल तर पाकीट वरच्या फळीवर ठेवा, आणि त्याने खाल्लंच तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्यांना फोन करा.